जिप्सम बोर्डाला भोक, सीलिंगला डाग: घरच्या घरी दुरुस्ती आणि रंग

गेल्या ऑगस्टमध्ये आमच्या हॉलच्या फॉल्स सीलिंगवर एक डाग उमटला. कडेला गडद, मधे फिकट, बशीत सांडलेला चहा वाळावा तसा. मी माळ्यावरून उरलेल्या पांढऱ्या रंगाचा डबा काढला आणि एक हात मारला. दुसऱ्या दिवशी सकाळी डाग हजर. आणखी एक हात, पुन्हा डाग. तिसऱ्या हातानंतर तर तो आधीपेक्षा जास्त उठून दिसायला लागला, कारण त्याच्या भोवती आता नवाकोरा पांढरा ठिपका तयार झाला होता. पुढच्या महिनाभरात दोन चुका करून, सीलिंगवाल्या कारागिराच्या मागे उभं राहून आणि शेवटी स्वतः हात घालून जे शिकलो, ते इथे क्रमानं लिहितो. पहिल्यांदाच करणाऱ्यासाठी आहे, त्यामुळे जाणकारांनी मधले परिच्छेद गाळले तरी चालेल.

आधी भिंत कशाची आहे ते बघा

बोटाच्या पेरानं ठोका. विटेची किंवा काँक्रीटची भिंत ‘ठक’ करते आणि पेर दुखतं. जिप्सम बोर्ड ‘डब’ करतो, पोकळ. अलीकडच्या फ्लॅटमध्ये फॉल्स सीलिंग, टीव्हीमागचं पॅनेल, कधी हॉल आणि स्टडीच्या मधलं पार्टिशन या बोर्डाचं असतं. सगळे त्याला सरसकट ‘पीओपी’ (प्लास्टर ऑफ पॅरिस) म्हणतात, पण जुनं पीओपीचं छत वेगळं. ते लोखंडी जाळीवर ओतून केलेलं असतं, जड असतं आणि सुटलं तर ढेकूळच्या ढेकूळ खाली येतं. असं छत फुगलं असेल तर कारागीर बोलवा, त्याला ही पद्धत लागू नाही.

बोर्डाची रचना सोपी आहे. आत जिप्समचा थर, दोन्ही अंगांना जाड कागद, एकूण जाडी बहुतेक वेळा १२.५ मिलिमीटर. मागे पत्र्याच्या चॅनेलची चौकट असते आणि तिला बोर्ड काळ्या स्क्रूंनी आवळलेला असतो. लक्षात ठेवायची गोष्ट म्हणजे बोर्डाचं बळ बरंचसं त्या कागदात असतं. कागद शाबूत तर बोर्ड शाबूत. अमेरिकेतला माझा मावसभाऊ याला ड्रायवॉल म्हणतो, आणि तिकडे अख्खं घर याच्याच भिंतींचं असल्यामुळे भोकं बुजवणं हे त्याला रविवारचं काम वाटतं. आपल्याकडे ते अजून ‘मिस्त्रीचं काम’ आहे, एवढाच फरक.

पाणी थांबल्याशिवाय पट्टी हातात धरू नका

डाग असेल तर आधी पाणी कुठून येतंय ते शोधा. आमच्या हॉलच्या त्या कोपऱ्यावर वरच्यांचं बाथरूम आहे. अशा वेळी तीन संशयित असतात: नहाणी ट्रॅपचा (पाणी जायच्या जाळीखालच्या भांड्याचा) सांधा, फरशीच्या फटींमधलं उडालेलं ग्राउट, म्हणजे तिथे भरलेला मसाला, आणि भिंतीतला पाइप. मी डागाच्या कडेनं पेन्सिलीची रेघ मारली आणि बाजूला तारीख लिहिली. मग वरच्या काकांना विनंती करून ते बाथरूम दोन दिवस बंद ठेवायला सांगितलं. रेघ होती तिथेच राहिली. तिसऱ्या दिवशी आंघोळी सुरू झाल्या आणि संध्याकाळी ओल रेघेच्या बोटभर पुढे गेली. म्हणजे सतत दाबाखाली असलेला पाइप नव्हे, तर वापराचं पाणी. ट्रॅप आणि ग्राउटचं काम त्यांनी करून घेतलं.

तुम्ही सगळ्यात वरच्या मजल्यावर असाल आणि गच्चीतून पावसाचं पाणी येत असेल तर गोष्ट वेगळी. सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींनुसार गच्चीतून गळणाऱ्या पावसाच्या पाण्यानं छताचं नुकसान झालं तर ती दुरुस्ती सोसायटीनं करायची असते. लेखी अर्ज आणि फोटो द्या. तोंडी सांगितलेलं पुढच्या पावसाळ्यापर्यंत कुणाच्या लक्षात राहत नाही.

सीलिंगला पोट आलं असेल, म्हणजे बोर्ड मधे खाली लोंबत असेल, तर वर पाणी साठलंय असं समजा. त्या भागातल्या दिव्यांचा एमसीबी (वीज तोडणारा बोर्डावरचा स्विच) आधी पाडा, म्हणजे बंद करा. खाली बादली ठेवा, स्वतः बाजूला उभे राहा आणि पोटाच्या सगळ्यात खालच्या टोकाला स्क्रूड्रायव्हरनं भोक पाडा. पाणी बादलीत उतरू द्या. भोक पाडायला जीव होत नाही, पण तेवढ्या भोकाची दुरुस्ती अर्ध्या तासाची आहे. पाण्याच्या वजनानं अख्खा बोर्ड कोसळला तर सोफ्यासकट हिशेब होतो. ६ बाय ४ फुटांचा कोरडा बोर्डच २० किलोच्या आसपास असतो, ओला किती असेल बघा.

मग वाळू द्या. जवळचा एखादा एलईडी दिवा काढून ठेवला तर त्या भोकातून वर हवा खेळते. उन्हाळ्यात दोन-तीन दिवस पुरतात, पावसाळ्यात आठवडा धरा. पंखा त्या दिशेनं लावा.

ठेवायचं की कापायचं

वाळल्यावर अंगठ्यानं दाबून बघा, मग स्क्रूड्रायव्हरच्या टोकानं. कडक लागलं, कागद सपाट आणि चिकटलेला असला, तर बोर्ड वाचला, फक्त डागाचा बंदोबस्त करायचा. टोक चहात बुडवलेल्या बिस्किटात जावं तसं आत गेलं, कागदाला सुरकुत्या पडल्या किंवा काळे ठिपके दिसले, तर तेवढा भाग कापायचा. बुरशी कागद खाते. वरून रंग मारून ती मरत नाही. चॅनेलच वाकला असेल, दोन-तीन बोर्ड एकदम खाली आले असतील, किंवा पंख्याच्या हुकाजवळ काही हललं असेल, तर स्वतः करायच्या भानगडीत पडू नका.

सामान

कटर, गुण्या (काटकोन आखायचा), पेन्सिल, लहान करवत, पुट्टी लावायची ४ इंची आणि ८ इंची पट्टी, १५० आणि २२० नंबरचा पॉलिश पेपर, २५ मिलिमीटरचे बोर्ड स्क्रू, जॉइंट टेप, जॉइंटिंग कंपाउंड (बोर्डाचे सांधे आणि भोकं भरायचा लगदा), प्रायमर, रंग, रोलर आणि २ इंची ब्रश. धुळीसाठी चांगला मास्क. बोर्डाचा तुकडा विकत घेऊ नका. सोसायटीत कुठे ना कुठे इंटिरियरचं काम चालू असतंच, तिथल्या कारागिराकडे मागा. तो देतो आणि वर सल्लाही देतो. फक्त जाडी तीच आहे ना, ते मोजून घ्या. कंपाउंडसाठीही हाच मार्ग, कारण दुकानदार बहुधा अख्खं पोतं गळ्यात मारतो आणि आपलं काम दोन किलोचं असतं.

कंपाउंडच्या जागी व्हाइट सिमेंट किंवा सिमेंटची पुट्टी नको. पेंटर सर्रास भरतात, मला माहीत आहे. भोकात भरलेलं सिमेंट बोर्डापेक्षा कडक होतं, त्यामुळे घासताना ते तसंच राहतं आणि भोवतालचा कागद सोलला जातो. शिवाय ओल लागली की सिमेंट आणि जिप्सम एकमेकांशी भांडतात, त्यांच्यात फुगणारे स्फटिक तयार होतात आणि भरलेली जागा पापुद्र्यासारखी सुटते. पीओपी चालतं, खोल भरणीसाठी चांगलंच आहे, पण ते मिनिटांत घट्ट होतं. पाण्यात पावडर भुरभुरायची, पावडरीत पाणी ओतायचं नाही, आणि दर वेळी वाटी स्वच्छ धुवायची. जुन्या घट्ट झालेल्या पीओपीचे कण वाटीत राहिले तर नवा गोळा आणखी लवकर आवळतो. माझी पहिली वाटी वाटीसकटच फेकावी लागली.

भोक बुजवणं

खिळ्याचं किंवा स्क्रूचं भोक असेल तर लांबण लावायला नको. वर आलेली कड पट्टीच्या मुठीनं आत ठोका, कंपाउंड दाबून भरा, वाळू द्या, परत एकदा भरा, घासा. झालं.

खरं काम मुठीएवढ्या भोकाचं. आमच्या पार्टिशनला दाराच्या मुठीनं पाडलेलं होतं, तेच उदाहरण घेऊ.

आधी त्या भिंतीतल्या बटणांचा एमसीबी पाडा. भोकातून मोबाइलच्या टॉर्चनं आत बघा. वायरीचा पाइप जवळून जात असेल तर कळतो. चौकट कुठे आहे ते शोधायला भिंतीवरून लोहचुंबक फिरवा. स्क्रूवर तो चिकटतो आणि उभी रांग सापडते. मग भोकाभोवती गुण्या लावून चौकोन आखा. वेडंवाकडं भोक बुजवायला अवघड, चौकोनी सोपं, म्हणून थोडं मोठं झालं तरी चालेल. कटरनं रेघेवरून दोन-तीनदा फिरवून कागद कापा आणि मग करवतीनं आतला भाग काढा. करवत तिरकी धरा, फार आत घुसवू नका.

आता मागचा आधार. साधारण १८ मिलिमीटर जाडीची लाकडाची पट्टी घ्या, भोकाच्या उंचीपेक्षा ४ इंच जास्त लांब. ती भोकातून आत सरकवा आणि उभी करा, म्हणजे वर-खाली दोन-दोन इंच जुन्या बोर्डामागे जाईल. इथे सगळ्यांची पट्टी आत पडते. माझीही पडली, आणि ती अजून त्या भिंतीतच आहे. म्हणून पट्टीच्या मधोमध आधी एक लांब स्क्रू अर्धवट घुसवा आणि तो मुठीसारखा धरून पट्टी पुढे ओढा. एका हातानं ओढून धरा आणि दुसऱ्या हातानं जुन्या बोर्डातून वर एक, खाली एक स्क्रू मारा. साडेबारा बोर्डात, तेवढाच लाकडात, असा २५ मिलिमीटरचा स्क्रू बरोबर बसतो. भोक रुंद असेल तर दोन पट्ट्या.

नवा तुकडा भोकापेक्षा सगळीकडून दोनेक मिलिमीटर लहान कापा. ठोकून बसवायची वेळ आली तर कडा चुरगळतात. बोर्ड कापायला करवत लागत नाही: पुढच्या कागदावर कटरची खोल रेघ मारा, मागे झटका द्या, बोर्ड रेघेवर मोडतो, मग मागचा कागद कापा. तुकडा बसवा, लाकडात स्क्रू मारा. स्क्रूचं डोकं कागदाच्या किंचित खाली गेलं पाहिजे, पण कागद न फाडता. कागद फाटला की त्या स्क्रूची पकड गेली. काढा आणि इंचभर बाजूला दुसरा मारा.

सीलिंगमधलं जुन्या दिव्याचं गोल भोक बुजवायचं असेल तर आधाराविना होणारी एक युक्ती आहे. भोक चौकोनी करा. तुकडा भोकापेक्षा चारही बाजूंनी दोन-दोन इंच मोठा कापा. मग त्याच्या मागच्या अंगानं ती दोन इंचांची किनार कापून फक्त पुढचा कागद शिल्लक ठेवून जिप्सम सोलून काढा. मधे बूच, भोवती कागदाची झालर. भोकाच्या कडेला कंपाउंडचा हलका थर द्या, बूच बसवा, झालर पट्टीनं दाबा. टेप वेगळी लागत नाही. ३ इंची दिव्यापर्यंत हे उत्तम बसतं, त्याहून मोठ्याला मी आधारच देईन.

टेप आणि तीन हात

इथे घाई करणारे पकडले जातात. फट भरून लगेच रंग मारला की दिवाळीला केलेलं काम होळीला चौकोन दाखवतं. सांध्यांवर टेप हवीच, कारण बोर्ड आणि तुकडा वेगवेगळे हलतात आणि नुसतं कंपाउंड तिथेच तडकतं. सीलिंगला सरळ रेघेत गेलेल्या चिरांचं कारणही बहुतेक हेच असतं: सांध्यावर टेप नव्हती किंवा सुटली. अशी चीर नुसती भरू नका; कटरनं इंग्रजी ‘व्ही’सारखी उघडा, सुटलेलं सगळं काढा, मग टेप.

नवख्या माणसानं जाळीची चिकटणारी टेप घ्यावी. कागदी टेप जास्त पक्की बसते, पण तिच्याखाली कंपाउंडचा ओला थर हवा आणि पट्टीनं हवा पूर्ण काढावी लागते, नाहीतर वाळल्यावर फुगा येतो.

पहिला हात: ४ इंची पट्टीनं टेप झाकण्यापुरतं, जाळीची नक्षी पुसट दिसली तरी चालेल. वाळू द्या. पावसाळ्यात पुडक्यावर लिहिलेल्या वेळेवर विश्वास ठेवू नका. रंग सगळीकडे सारखा पांढरा झाला आणि हाताला गार लागलं नाही की वाळलं. दुसरा हात: ८ इंची पट्टीनं, पहिल्याच्या बाहेर दोन-तीन इंच. तिसरा त्याहूनही बाहेर, इतका पातळ की पट्टीला फारसं काही उरू नये. मुठीएवढ्या भोकाचं ठिगळ शेवटी दीड फुटाचं होतं आणि ते बघून घरचे घाबरतात. तसंच हवं. डोळ्याला ठिगळ दिसतं ते त्याच्या उंचीमुळे नाही, कडेमुळे. अर्ध्या मिलिमीटरचा उंचवटा दीड फुटात पसरला की नजर त्याला पकडू शकत नाही. तोच चार इंचात असला तर संध्याकाळच्या तिरप्या उन्हात पाहुणे आधी तेच बघतात.

पट्टी धरताना बाहेरच्या कडेवर जोर द्या, आतली कड किंचित उचललेली. कडेला थर शून्यावर उतरतो.

घासणं

पॉलिश पेपर लाकडी ठोकळ्याला गुंडाळा, नुसत्या बोटांनी घासू नका, खळगे पडतात. आधी १५०, मग २२०. कडेचा कागद लव आल्यासारखा झाला की थांबा. घरात पिठाची गिरणी चालू झाल्यासारखं होतं, म्हणून एसीवर जुनी चादर, दाराखाली ओला पंचा, तोंडाला मास्क. झाल्यावर खोलीतले दिवे बंद करून मोबाइलचा टॉर्च भिंतीला समांतर धरा. सगळ्या खाचाखोचा सावल्या टाकतात. पेन्सिलीनं खुणा करा, तेवढ्याच जागी परत एक हलका हात. मग ओलसर फडक्यानं धूळ पुसा. धुळीवर लावलेला प्रायमर धुळीला चिकटतो, भिंतीला नाही.

डागाचं काय

आता माझ्या तीन हातांचं कोडं. पाण्यानं आणलेला पिवळेपणा पाण्यात विरघळतो आणि आपला इमल्शन रंगही पाण्यातलाच. रंग ओला असतो तेवढ्या वेळात डाग त्यात विरघळून वर येतो. म्हणून मधे पाण्याला न जुमानणारा थर हवा. सुटलेला रंग खरवडा, हलकं घासा, डागावर आणि भोवती चार-पाच इंच ऑइल प्रायमर मारा, पूर्ण वाळू द्या. खिडक्या उघड्या ठेवा, वास येतो. सुताराकडची स्पिरिटमध्ये विरघळवलेली चपडी लाखही हेच काम करते आणि तासाभरात वाळते. आमच्या छतावर शेवटी तीच लावली. त्या वेळी गॅस आणि देवापुढची निरांजनंसुद्धा बंद, स्पिरिट पेट घेतं.

रंग

कंपाउंड लावलेल्या प्रत्येक जागी प्रायमर लावा. कोरडं कंपाउंड रंगातला ओलावा शोषून घेतं, तिथे रंग निस्तेज राहतो आणि ठिगळ पुन्हा दिसतं.

मग येतो मोह: तेवढ्याच जागी रंग मारून मोकळं व्हायचा. डब्यावरचा शेड नंबर तोच असला तरी भिंतीवरचा रंग चार वर्षांचा आहे, उन्हानं आणि फोडणीच्या धुरानं उतरलेला. जुळत नाही. भिंत असेल तर एका कोपऱ्यापासून दुसऱ्या कोपऱ्यापर्यंत पूर्ण भिंत रंगवा. बाकीच्या तीन भिंती तशाच राहिल्या तरी कोपऱ्यात फरक लपतो. सीलिंगला जिथे खाच किंवा पातळी बदलते तिथपर्यंत. डबा नसेल तर सुटलेला रंगाचा पापुद्रा दुकानात न्या, मशिनवर बरीच जवळची शेड काढून देतात. सीलिंगला मॅटच घ्या. चमक असलेला रंग प्रत्येक उंचवट्याची चुगली करतो.

आधी ब्रशनं कडांचं कटिंग, आणि ते ओलं असतानाच रोलर. अख्ख्या खोलीचं कटिंग करून चहाला बसलात तर कडेची पट्टी वेगळी वाळून दिसते. रोलरला भरपूर रंग, हातावर कमी जोर, आणि शेवटचे फटके सगळे खिडकीच्या दिशेनं. दोन हात, मधे डब्यावर लिहिलेला वेळ. ठिगळ पहिल्या हातानंतर दिसतंच, तेव्हा हिरमुसू नका.

सगळं मिळून काम संध्याकाळच्या तासा-तासाच्या चार-पाच बैठकांचं आहे, बाकी वाट बघणं. उरलेला रंग मोठ्या डब्यात ठेवला तर वरच्या हवेनं साय धरतो. काचेच्या लहान बरणीत गळ्यापर्यंत भरून ठेवा, वर शेड नंबर, खोली आणि तारीख लिहा.

आणि दाराच्या मुठीनं भोक पडलं होतं तर रबरी स्टॉपर बसवा, पण फरशीवर. मी आधी भिंतीवर चिकटवला होता. पंधरा दिवसांत वाऱ्यानं दार आपटलं आणि स्टॉपर मुठीसकट बोर्डात घुसला. नवं भोक जुन्यापेक्षा जास्त गोल होतं एवढंच.